शालिक, तू रजेवर नव्हतास

शालिक,

परवा तुझ्या फोटोला काच लावून आणली. सक्करदरा चौकातल्या फ्रेमवाल्यानं विचारलं, काच लावू की फायबर, फायबर फुटत नाही. मी काच लाव म्हणालो. सुमनवहिनींनी फोटो गुंडाळायला एक जुनी चादर दिली होती. रिक्षात तो मांडीवर घेऊन बसलो आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलून धरत आलो. तू असतास तर म्हणाला असतास, मुन्शी, आता समजलं का काच कशी आणाव लागते ते.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुझ्याविषयी बरेच जण बोलले. तुझं गाव, तुझी नोकरी, पोरींची शिक्षणं, सगळं सांगून झालं. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला एकाच गोष्टीविषयी लिहायचं आहे, तुझ्या सर्व्हिस रेकॉर्डमधल्या एका ओळीविषयी. तुझा डावा पाय बर्फानं निकामी झाला त्या दिवशी तू किरकोळ रजेवर होतास, असं त्या ओळीत लिहिलेलं आहे. तू रजेवर नव्हतास. तुला मी पाठवलं होतं, आणि ती ओळही मीच लिहिली होती. तुला हे माहीत आहे. गेल्या वर्षी तलावाच्या काठावर मी ते तुला सांगितलं. आता हे इतरांनी वाचावं म्हणून लिहितो आहे, पण बोलतो आहे तुझ्याशीच. या विषयावर दुसऱ्या कोणाशी बोलायची मला सवय नाही.

आपण एकाच कंपनीत होतो. तू रायफल घेऊन पहाऱ्यावर, मी तंबूत टेबलाशी रजिस्टरं घेऊन. म्हणून मी मुन्शी. नागपूरकडची आपण मोजकीच पोरं होतो. दसऱ्याला, जिथं असू तिथं, बुद्धाच्या तसबिरीसमोर बसून वंदना घ्यायची आणि दुधाची पावडर कालवून खीर करायची, हा आपला नेम होता. आपल्या आईबापांनी दसऱ्यालाच दीक्षा घेतलेली; घरचा दुसरा कुठलाही सण आपण त्या डोंगरावर पाळत नव्हतो. त्या वर्षी सामान हलवताना तसबिरीची काच फुटली. खाली बाजाराचं गाव होतं, उतरायला सकाळ जायची आणि चढून यायला दुपार. तू म्हणालास, मी जातो, आणि तसबीर कांबळ्यात गुंडाळून घेतलीस. योगायोगानं डाक आणणारा जवान त्या दिवशी तापानं पडला होता. मी तुझ्या खांद्यावर डाकेची थैली अडकवली आणि म्हणालो, जातोच आहेस तर ही डाक देऊन ये, आलेली घेऊन ये.

माणूस ड्युटीवर बाहेर पाठवायचा तर सुभेदार साहेबांना विचारून, तसा लेखी हुकूम काढून पाठवावा लागतो. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर डाकेसाठी त्यांनी दुसरा कोणी दिला असता आणि काच राहून गेली असती. हे कारण मी तुला तलावावर सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. दिवसभर दुसऱ्यांचे हुकूम लिहिणाऱ्या माणसाला, आपल्या सांगण्यावरून कोणीतरी डोंगर उतरतो आहे, हे बरं वाटत होतं. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो.

संध्याकाळी हजेरीचा हिशेब वर कळवावा लागायचा. इतके हजर, इतके रजेवर, इतके आजारी, इतके ड्युटीवर बाहेर. त्या संध्याकाळी एक माणूस कमी होता. बर्फ पडायला लागलं होतं. इतक्या लवकर पडेल असं कोणाला वाटलं नव्हतं. ड्युटीवर दाखवावं तर हुकूम नाही. मी तुझ्या नावानं एक दिवसाच्या किरकोळ रजेची चिठ्ठी लिहिली आणि सहीच्या गठ्ठ्यात मध्येच सरकवली. कप्तान साहेब तो गठ्ठा न वाचता सही करायचे, रोजच. मला वाटलं, उद्या सकाळी तू येशील, एका दिवसाची रजा तुझ्या खात्यातून कमी होईल, आणि भेटलास की तुला एक शिवी ऐकवीन.

सकाळी गस्तीच्या जवानांना तू वाटेत एका कपारीखाली सापडलास. तुला उचलून आणलं तेव्हा मी तंबूच्या दारात उभा होतो. तुझे ओठ काळे पडले होते. स्ट्रेचरवरून तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास,

“डाक मोजून घे, मुन्शी.”

मी मोजली. एकही पाकीट ओलं झालेलं नव्हतं. डाकेच्या रजिस्टरात आवक लिहून मी सही केली. माझ्या टेबलावर दोन रजिस्टरं शेजारी शेजारी होती. एकात तुझ्या थैलीतली डाक आली होती, दुसऱ्यात तू रजेवर होतास. ही दोन रजिस्टरं एका वेळी उघडून कोणी पाहत नाही, हे कारकुनाला माहीत असतं.

तुझं डावं पाऊल अर्धं कापलं. काही दिवसांनी हॉस्पिटलातून विचारणा आली: जवान जखमी झाला तेव्हा ड्युटीवर होता की रजेवर? ती माझ्याच टेबलावर आली. पहिल्या चिठ्ठीला मी घाई म्हणू शकतो. या उत्तराला नाही म्हणता येत. मला बढतीची पट्टी मिळायची होती, नाव वर गेलं होतं. मी लिहिलं, रजेवर, आणि ड्युटीवर जखमी झालेल्याची पेन्शन तुला मिळाली नाही. दसऱ्याला तू काच लावून आणलेली तसबीर टांगली. वंदना मीच म्हटली. तू हॉस्पिटलात होतास आणि खीर मी वाटत होतो. हे मी कोणालाही, कमललासुद्धा, कधी सांगितलं नाही. ती माझी बायको होती, आणि तिला तुझं फार कौतुक होतं.

तुला घरी पाठवलं तेव्हा पोरांनी ती तसबीर तुझ्याच सामानात बांधून दिली. अजूनही ती तुझ्या समोरच्या खोलीत आहे. तुझा फोटो आता तिच्याखाली लावला आहे.

मी निवृत्त होऊन नागपूरला आलो तोवर तू धरमपेठेतल्या बाजारात सायकल स्टँडवर बसत होतास. तिथं पहिल्यांदा तुला पाहिलं तो दिवस मला आठवतो. सायकली अशा सरळ रांगेत लावलेल्या की जणू परेडच. एका कॉलेजच्या पोरानं गाडी तिरपी लावली तर तू त्याला परत बोलावून सरळ करायला लावलीस. पोरगं कुरकुरलं. तू म्हणालास, बेटा, मी लंगडा हाव, मायी लाइन नाही. मी लांबूनच परत जाणार होतो, पण तू मला पाहिलंस आणि कुबडी टाकून तिथूनच ओरडलास, “मुन्शी!” साऱ्या रस्त्यानं वळून पाहिलं.

तुला वाटत होतं की रेकॉर्ड ऑफिसात कोणीतरी घोळ केला. एका जवानाची रजा दुसऱ्याच्या कागदावर चढली, असं काहीतरी. मी ते खोडून काढलं नाही. सक्करदऱ्यातल्या आपल्या माजी सैनिकांच्या मंडळात मी चिटणीस झालो. अर्ज, पेन्शनचे कागद, विधवांची नावं चढवणं, लोक सगळं माझ्याकडं आणायचे. तूही आणलंस. दुरुस्तीचा अर्ज मी तुला दरवेळी लिहून दिला, आणि दरवेळी आपलं भांडण एकाच गोष्टीवरून झालं.

तुला अर्जाचं पहिलं वाक्य हवं होतं, मी रजेवर नव्हतो, मला मुन्शीनं पाठवलं होतं. मी ते खोडायचो. म्हणायचो, असं लिहायचं नसतं, सरकारी अर्जात आधी नंबर, हुद्दा, पलटण येते, मग विनंती. तू म्हणायचास, विनंती काहून? जे झालं ते लिहून राहिलो. एकदा तू चिडून म्हणालास, अर्ज राहू दे, तूच एक कागद लिहून दे ना का मीच पाठवलं होतं. मी म्हणालो, क्लार्कच्या म्हणण्याला किंमत नसते, अधिकाऱ्याचं लागतं. हे खोटं होतं. तू मान हलवलीस. नियम मुन्शीला माहीत असतात, एवढ्यावर तुझा विश्वास होता.

दरवेळी उत्तर यायचं की उपलब्ध नोंदीनुसार आपण रजेवर होता. त्या नोंदीला धक्का लागेल असं एकही वाक्य मी तुझ्या अर्जात जाऊ दिलं नव्हतं. अक्षर मात्र सुंदर असायचं.

मंडळात तुला छुट्टीवाले म्हणायचे. कोणी सुरू केलं आठवत नाही. बैठकीला उशिरा आलास की, आओ छुट्टीवाले. चहा राहिला असला की, एक कप छुट्टीवाल्यासाठी. तू हसायचास, कधी कधी स्वतःच म्हणायचास. मीही हसायचो. तुझ्या बाजूच्या खुर्चीवर बसून हसायचो. आता लिहिताना हेच सगळ्यात जड जातं आहे, रजेच्या चिठ्ठीपेक्षाही.

गेल्या वर्षी झेंडावंदनाला ड्युटीवर जखमी झालेल्या जवानांना शाल द्यायचं ठरलं. यादी रेकॉर्डप्रमाणे करायची होती. ती मी केली आणि मीच माइकवर वाचली. तू दुसऱ्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून, पदकं लावून बसला होतास. यादी संपली आणि कोणीतरी मागून म्हणालं, छुट्टीवाले का नंबर नहीं लगा क्या. लोक हसले. तू या वेळी हसला नाहीस. खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागलास. बूट त्याच पायातला, ज्यात पुढं कापूस भरलेला असायचा.

तिथून तू तलावाकडं चालायला लागलास आणि मी मागून आलो. बाकावर बसल्यावर मी सांगितलं. संपल्यावर विचारलंस, “चिठ्ठीवर सही कोनाची होती?”

“कप्तान साहेबांची.”

“अन् अक्षर?”

“मायं.”

समोर पोरं माशांना मुरमुरे टाकत होती. तू तिकडे पाहिलंस. मग म्हणालास, “अन् तू मले येवढे अर्ज लिहून दिले.”

विचारायचं राहिलेलं एकच होतं, ते विचारलं. तुझ्याजवळ जाड कॅनव्हासची थैली होती. पाय त्यात घातले असते तर कदाचित डावाही वाचला असता, असं डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. मी विचारलं, पाय थैलीत काहून नाही घातले?

“डाक होती गा त्यात,” तू म्हणालास.

“काढून ठेवायची होती.”

“बर्फात? तुले हिशेब कोन देल्ला असता?” आणि मग, मी तसबिरीला गुंडाळलेल्या कांबळ्याविषयी विचारायच्या आधीच, “कांबळं काढून मीच पांघरलं. फोटोले थंडी नाही वाजत.”

हे सांगताना तू थोडा हसलास. मग उठलास आणि गेलास. रिक्षापर्यंत मी बरोबर आलो. तू सीटच्या कडेला बसलास, आत माझ्यासाठी जागा होती, पण तू सरकला नाहीस.

त्यानंतर कित्येक महिने तुझा फोन नाही. मी आलो तेव्हा वहिनी दारातूनच म्हणाल्या, झोपले हायेत. सकाळचे अकरा वाजले होते आणि आतून रेडिओ ऐकू येत होता. मी परत गेलो. तू मला माफ केलंस असं मी कुठं लिहिणार नाही, कारण तसं तू कधी म्हणाला नाहीस. दिवाळीनंतर तुझा निरोप आला: ये, आता खरा अर्ज लिहू.

तो अर्ज आणि माझं शपथपत्र आपण तुझ्या समोरच्या खोलीत बसून केलं. वहिनींनी चहा आणून ठेवला, माझ्याकडं न बघता. कोर्टाजवळच्या नोटरीकडं तू माझ्याबरोबर आलास. मी नको म्हणालो होतो. नोटरी चांगला तरुण माणूस होता. शपथपत्र वाचून त्यानं तुला विचारलं, काका, हे तुमचे कोण लागतात?

“हे माये गुन्हेगार हायेत,” तू म्हणालास. “पन रिक्षाचं भाडं हेच देते.”

तो हसायचं की नाही ते ठरवत राहिला. मी सही केली.

बाहेर आल्यावर तू म्हणालास, कागद तर दिल्लीले जाईन, आपल्या मंडळात कोन सांगन? मी म्हणालो, उत्तर येऊ दे, मग सगळ्यांसमोर सांगतो, हातात कागद असला की लोक ऐकतात. तू म्हणालास, “मले कागद नको गा. तू सांग.” मी म्हणालो, पुढच्या बैठकीत. पुढच्या बैठकीत पेन्शनच्या थकबाकीचा विषय निघाला. त्यापुढच्या वेळी तू आला नाहीस, छातीत दुखत होतं. त्यानंतर वहिनींचाच फोन आला.

या एका गोष्टीबद्दल मला तुझ्याशी भांडायचं होतं. तू एवढा घाईत नव्हतास कधी. सायकल स्टँडवर शेवटचा माणूस गाडी न्यायला येईपर्यंत बसून राहायचास. मला अजून एक बैठक द्यायला हवी होतीस. पण मी मागितलेल्या मुदती मोजल्या तर हे बोलायला मला तोंड नाही.

मंडळानं तुझ्यासाठी विहारात शोकसभा घेतली. मंडळाचे अध्यक्ष, सवयीनं आणि प्रेमानंच, म्हणाले की आपले छुट्टीवाले शालिकराव आज खऱ्या छुट्टीवर गेले. काही जण हलकेच हसले. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. मी उठलो. माइक मागितला नाही. म्हणालो की तो रजेवर नव्हता, डाक आणायला त्याला मी पाठवलं होतं, हुकूम काढला नाही आणि ते झाकायला रजेची चिठ्ठी मी लिहिली. त्यानंतर मंडळाचा चिटणीस म्हणून मी तुमचे सगळ्यांचे कागद केले, आणि त्याचा एक करायचा राहिला. एवढंच बोललो. आधी पाठ केलं होतं त्यापेक्षा बरंच कमी होतं.

सगळे म्हातारे फौजी. मग मागच्या रांगेतल्या एकानं, ज्यानं बहुधा तुला त्या नावानं सगळ्यात जास्त हाक मारली असेल, त्यानं एकच विचारलं. थैली होती ना जवळ, मग पाय थैलीत का नाही घातले?

मी सांगितलं, डाक होती त्यात.

तिथल्या प्रत्येकानं कधी ना कधी दूर कुठं डाकेची वाट पाहिली होती. कोणी पुढं विचारलं नाही. अध्यक्ष परत उभे राहिले आणि तुझं पूर्ण नाव, नंबर आणि हुद्दा म्हणाले. नंबर त्यांना पाठ नव्हता. समोरच्या कागदावरून वाचला. मग आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. चिटणीसपद मी त्याच दिवशी सोडलं. त्यांनी राहा म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

तुझ्या अर्जाला उत्तर आलं आहे. अर्ज विचाराधीन आहे, पण अर्जदार हयात नसल्यास वारसानं नव्यानं अर्ज करावा. म्हणून काल वहिनींकडं गेलो. मला वाटलं होतं, त्या म्हणतील आता कशाला. त्यांनी चष्मा लावला आणि समोर बसल्या. म्हणाल्या, “लिहा भाऊजी. अन् वाचून दाखवा.”

मी सवयीनं नंबर, हुद्दा, पलटण असं वर लिहायला घेतलं. वहिनींनी हात आडवा केला. “ते खाली लिहा. ते म्हनत ते पयले लिहा.” तुझं ते वाक्य त्यांनाही पाठ होतं. इतकी वर्षं शेजारच्या खोलीतून त्यांनी आपली भांडणं ऐकली होती.

मी कागद बदलला. वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “आता बराबर हाये,” आणि सही केली. जाताना मला चहा विचारला. मी घेतला.

आज सकाळी तो अर्ज रजिस्टर पोस्टानं टाकायचा होता. तुझा जावई म्हणाला, काका, द्या, मी ऑफिसला जाताना टाकतो. मी नको म्हणालो. जरीपटक्याच्या पोस्टात रांगेत उभा राहिलो, पाकीट छातीशी धरून. उत्तर काय येईल ते मला सांगता येत नाही, आणि ते ऐकायला मी असेन की नाही तेही नाही. पण अर्जाचं पहिलं वाक्य असं आहे, आणि या वेळी ते मी खोडलेलं नाही:

माझे पती त्या दिवशी रजेवर नव्हते, त्यांना मुन्शींनी पाठवलं होतं.